गुडघ्याला बाशिंग

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण मी वीसेक वर्षे वर्गात शिकवत आले आहे. बाशिंगाची जागा कपाळावर. लग्नाच्या घाईत कपाळ कोणते आणि गुडघा कोणता याचेही भान राहू नये, हा त्यातला विनोद मुलांना लगेच कळतो. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हमखास शेजाऱ्याकडे पाहून हसतो आणि तास पुढे सरकतो. म्हण शिकवून झाली की ती आपल्याला कळलीच आहे असे आपण शिक्षक धरून चालतो. दोन वर्षांपूर्वी कुरियरने आलेले एक खोके मी घरी उघडले. त्यातून काळ्या, जाड रबरी कापडाच्या दोन नळ्या निघाल्या. पलंगाच्या कडेला बसून, ओठ दाताखाली धरून, त्या गुडघ्यांवर चढवण्याची माझी खटपट आई समोरच्या खुर्चीतून बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, ‘‘हे काय गं, गुडघ्याला बाशिंग?’’

तेव्हा मी हसले. ती म्हण आपल्याला किती नेमकी लागू पडणार आहे, हे पुढच्या चार महिन्यांत कळायचे होते.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मी सांगलीत राहते, महाविद्यालयात मराठी शिकवते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी खांद्यावर लोखंडी दांडी घेऊन खाली बसते व उठते. माझ्या सहकाऱ्यांना यातले शेवटचे वाक्य अजूनही चमत्कारिक वाटते. बेचाळिसाव्या वर्षी एका तपासणीत हाडांची घनता वयाच्या मानाने कमी निघाली. डॉक्टर म्हणाल्या, चालणे ठीक आहे, पण हाडांना वजन हवे. मी त्याचा अर्थ शब्दशः घेतला. घराजवळ एक व्यायामशाळा आहे. तिथले सर स्वतः जुने वेटलिफ्टर. या गावात वेटलिफ्टिंग ही काही परकी गोष्ट नव्हे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला पहिले पदक मिळवून देणारा संकेत सरगर सांगलीचाच. ५५ किलो गटात त्याचे सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले आणि त्याच स्पर्धेत वजन उचलताना त्याचे कोपर दुखावले. आमच्या व्यायामशाळेतली मुले त्या एका किलोबद्दल अजून बोलतात. कोपराबद्दल फारशी बोलत नाहीत.

मुले या व्यायामाला ‘स्क्वॉट’ म्हणतात. सर ‘बैठक’ म्हणतात आणि भाषेची माणूस म्हणून माझे मत सरांच्या बाजूचे आहे. मराठीत बैठक हा शब्द किती ठिकाणी जाऊन बसलेला आहे! गाण्याची बैठक असते, संस्थाचालकांची बैठक असते, लेखनाला वैचारिक बैठक असावी लागते आणि तालमीत जोर-बैठका असतात. या साऱ्यांत आधी नीट बसणे आहे. भार नसलेल्या या बसण्याला आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, उकिडवे. उकिडवे बसून आपल्या मागच्या पिढ्यांनी भांडी घासली, धुणी धुतली, अंगण सारवले. या बसण्याला कोणी व्यायाम म्हटले नाही आणि त्यासाठी कोणी काही विकतही घेतले नाही. आमची मात्र अडचण होते. पंचेचाळिशीच्या आतबाहेर, खुर्च्यांवर आयुष्य काढलेले आम्ही जेव्हा पुन्हा त्या बसण्याकडे वळतो, तेव्हा भाराबरोबर खरेदीही घेऊन वळतो.

पाठीवर भार घेऊन बसताना गुडघ्याला नेमके काय करावे लागते, हे मला माझा गुडघा दुखू लागेपर्यंत ठाऊक नव्हते. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू खाली येत येत वाटीला धरतो. वाटीखालून एक जाड कंडरा निघून नडगीच्या हाडाला जाऊन मिळते. आपण खाली जाऊ तसतशी वाटी मांडीच्या हाडावर अधिकाधिक दाबली जाते आणि ती कंडरा ताणाच्या दोरासारखी ओढली जाते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे खुब्याच्या सांध्याजवळचा मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे, तरच ती बैठक धरतात. म्हणजे गुडघ्याला नेमके कष्ट पडतात त्याच टप्प्यातून जायचे आणि तिथून भारासकट परत यायचे. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, पण कंडरेची चाल मंद असते, तिला महिने लागतात. माझी मांडी ७० किलोंना तयार झाली होती, कंडरा अजून पन्नाशीतच रेंगाळत होती. पण हे मागाहून सुचलेले शहाणपण. त्या वेळी एवढेच कळत होते की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी, सकाळी जिना उतरताना ठणका लागतो.

सरांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘मॅडम, दुकानात जायच्या आधी मला एकदा रिकाम्या दांडीनं बसून दाखवा. वजन नको. सावकाश.’’ मी हो म्हटले आणि त्याच रात्री दुकान शोधायला लागले. आजकाल दुकानात जावेही लागत नाही.

पण पहिली फेरी झाली ती औषधाच्या दुकानातच. तिथे नी-कॅप मिळते, कातडीच्या रंगाची, विणलेल्या लवचिक कापडाची, कधी वाटीच्या जागी भोक असलेली. आईच्या दोन्ही गुडघ्यांवर अशीच एक-एक असते, साडीच्या आत. ती संधिवाताची आहे. आता ती जमिनीवर बसत नाही, म्हणजे बसू शकत नाही. काउंटरवरच्या मुलाने ‘‘मीडियम देऊ?’’ विचारले, मी मान हलवली. ती नी-कॅप चालताना चांगली वाटली, थोडी ऊब, थोडा धीर. दांडी घेऊन बसले तेव्हा तिसऱ्या बैठकीला तिची गुंडाळी होऊन ती गुडघ्यामागच्या खळगीत जाऊन बसली. हा तिचा दोष नव्हे. चालताना, जिना चढताना सांध्याला हलका दाब आणि ऊब द्यायची एवढेच तिचे काम. त्यापलीकडे मी तिला नेत होते.

मग त्या काळ्या नळ्या. त्यांना नी-स्लीव्ह म्हणतात आणि त्या निओप्रीनच्या असतात. हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्माला आले. पाणबुड्यांच्या अंगरख्यांसाठी ते पुढे लोकप्रिय झाले, कारण त्याच्या फेसाळ पोतात अंगाची ऊब अडकून राहते. गुडघ्यावर ते आले तेही या उबेसाठीच. जाडी ३, ५ आणि ७ मिलिमीटर अशी मिळते. पातळ धावण्याबिवण्यासाठी, मधली ऑलिंपिक पद्धतीच्या वेटलिफ्टिंगसाठी, कारण तिथे गुडघ्याला झटकन वाकावे लागते, आणि जाड भारी बैठकांसाठी. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या ‘क्लासिक’ गटात ७ मिलिमीटरपेक्षा जाड आणि ३० सेंटिमीटरपेक्षा लांब स्लीव्ह चालत नाही. मी अर्थातच सातवाली निवडली. स्पर्धेला जायचे नव्हते, पण नियमात सर्वात जाड कोणती बसते हे कळल्यावर त्याहून पातळ घेणे मला कमीपणाचे वाटले. बाशिंग इथूनच बांधायला सुरुवात झाली होती.

माप घेण्याची गंमत सांगते. आई पूर्वी घरी ब्लाउज शिवून द्यायची. तिच्या मशीनच्या खणातली जुनी टेप मी काढली. काही कंपन्या गुडघ्याच्या मध्यावर माप घ्यायला सांगतात, काही त्याच्या दहा सेंटिमीटर वर किंवा खाली, आणि प्रत्येकीचा तक्ता निराळा. एकीचा ‘मीडियम’ दुसरीचा ‘लार्ज’ असू शकतो. आई बाजूला बसून सांगत होती, ‘‘दोन बोटं सैल धर. मापाला मापासारखं घेतलंस की पहिल्या धुण्याला अंगात जात नाही.’’ ब्लाउजच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे. मी दोन बोटे सैल धरली आणि एक माप मोठी जोडी आली. सहज चढली. आरामशीर. आणि निरुपयोगी, कारण सैल स्लीव्ह म्हणजे गुडघ्यावरचा मफलर. ती परत पाठवून मापाला मापाची मागवली. आईने जिला बाशिंग म्हटले ती ही दुसरी जोडी. ती चढवायला चार मिनिटे आणि बरीच ताकद लागली. पुढे युक्ती कळली. आधी अर्धी खाली दुमडायची, दुमडलेली नळी वाटीखाली येईपर्यंत ओढायची आणि मग वरचा भाग उलटवून मांडीवर घ्यायचा. दोन सेटच्या मध्ये ती घोट्यापर्यंत खाली ढकलून ठेवायची. घरी आल्यावर हाताने धुऊन सावलीत वाळवायची. हे न केल्यास काय होते ते व्यायामशाळेच्या कपाटाशी उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे.

मापाची स्लीव्ह घालून पहिल्यांदा बसले तेव्हा एक गोष्ट जाणवली आणि ती मला आजही महत्त्वाची वाटते. गुडघा कुठे आहे हे कळू लागले. एरवी तो खाली जाताना आत झुकतो की बाहेर, हे मला सरांनी ओरडल्याशिवाय समजत नसे. आता चारी बाजूंनी लागणारा दाब सतत त्याची वर्दी देत होता. ऊब होती, त्यामुळे पहिल्या दोन सेटमधला ताठरपणा लवकर गेला. अगदी तळाशी दुमडलेल्या जाड कापडाची थोडीशी उसळीही मिळत होती. मात्र स्लीव्ह भार उचलत नाही, वाटीवरचा दाब हटवत नाही, आणि अस्थिबंध फाटायचाच असेल तर ती त्याला अडवतही नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या असलेले जड आधार असतात. ते अस्थिबंधाची इजा झालेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, हौसेने कोणी घालू नयेत. ठणका थोडा कमी झाला होता. कमी झाला म्हणजे बरा झाला, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली आणि वजन वाढवले.

मग रॅप आले. हे माझ्या गोष्टीतले खरे बाशिंग.

नी-रॅप म्हणजे जाड, लवचिक धाग्यांची लांब पट्टी, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त दोन मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद. दिसायला जखमेवर बांधतात त्या पट्टीसारखीच, पण काम अगदी वेगळे. ती पूर्ण ताणून गुडघ्याभोवती आवळत आवळत गुंडाळतात. बांधल्यावर पाय सरळ काठीसारखा राहतो, नीट चालताही येत नाही आणि एकदोन मिनिटांत पावलाला मुंग्या येतात. म्हणून वजनापाशी पोचण्याच्या बेताला बांधायची आणि उचलून झाले की तात्काळ सोडायची. खाली बसताना तुमच्या अंगावरचा भार त्या पट्टीला ताणतो आणि वर येताना ती ताणलेली पट्टी तो ताण परत करते. धनुष्याची दोरी करते तेच. म्हणजे इथे आधार नुसता धीर देत नाही, प्रत्यक्ष काही किलो उचलून देतो. म्हणूनच महासंघाने त्यांना क्लासिक गटातून बाहेर ठेवले आहे. साधनांसह होणाऱ्या वेगळ्या गटातच ते चालतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असे आढळले की रॅप बांधल्यावर माणूस अधिक वेगाने खाली जातो, दांडीची पुढे-मागे होणारी हालचाल घटते आणि बसण्याची पद्धतच बदलते. सरळ सांगायचे तर जो खुबा आणि जी पाठ काम करत असते तिला पट्टी बाजूला सारते. त्या अभ्यासकांनी गुडघ्याच्या सुरक्षिततेबद्दलही शंका व्यक्त केली होती.

मराठीत याला फार चांगला शब्द आहे, उसने अवसान. एरवी आपण तो लाक्षणिक अर्थाने वापरतो, मुलाखतीला जाताना, भाषणाला उभे राहताना. रॅपच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. कोणीतरी ते तुमच्या गुडघ्याला बांधते, तेवढ्यापुरते ते तुमचे असते आणि मिनिटाभराने सोडून परत करायचे असते.

ऑगस्टमधली शुक्रवारची संध्याकाळ होती. सर गावाला गेले होते, हे मुद्दाम सांगते, कारण ते असते तर पुढचे घडले नसते. व्यायामशाळेतल्या एका मुलाकडे रॅप होते. मी विचारले, त्याने मोठ्या आदराने ‘‘मी बांधतो ना मॅडम’’ म्हटले. माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल. बांधताना त्याने गुडघा माझ्याच हातांनी धरून ठेवायला सांगितला, आणि प्रत्येक वेढ्यागणिक ‘‘दुखतंय? दुखणारच. दुखलं पाहिजे,’’ असे म्हणत राहिला. दांडीवर ९० किलो होते. त्यापूर्वी मी ७५ च्या वर कधी गेले नव्हते. दांडी खांद्यावर घेतली, दोन पावले मागे आले, खाली गेले. तळाशी पोचले न पोचले तोच काहीतरी मला वर फेकले. मला ते इतक्या सहजपणे झाल्याचे आश्चर्य वाटले. चारी बाजूंनी मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गात इतकी वर्षे बोलून मला कधी टाळ्या पडल्या नाहीत. त्या संध्याकाळी मी घरी येऊन आईला, मुलाला, फोनवर बहिणीला, सगळ्यांना सांगितले. ‘‘नव्वद!’’ आईने विचारले, ‘‘म्हणजे कोणाएवढं गं?’’ मी म्हटले, ‘‘तुझ्या आणि माझ्या निम्म्याएवढं.’’ ‘‘मग एवढं घेऊन खाली बसायचंच कशाला? आमचं काही न घेताही बसणं होत नाही.’’ मला त्या क्षणी तो प्रश्न मत्सराचा वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

पुढचे दोन आठवडे मी शुक्रवारच्या शुक्रवारी रॅप बांधले. एके सोमवारी तिसऱ्या मजल्यावर द्वितीय वर्षाचा तास होता. आमच्या महाविद्यालयात लिफ्ट आहे, पण ती वर्षातले बरेच महिने दुरुस्तीत असते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उजवा पाय उचलेना. कठड्याला धरून उभी राहिले. माझ्या पुढून मुले दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर जात होती, मागून येणारी ‘‘मॅडम, पुढे या’’ म्हणत थांबत होती. शेवटी माझ्याच वर्गातल्या एका मुलीने माझी पुस्तके घेतली आणि मी एका बाजूने कठडा, दुसऱ्या बाजूने तिचा खांदा धरून वर पोचले. त्या दिवशी मी पहिल्यांदा बसून शिकवले. पुढचे सहा आठवडे बसूनच शिकवले. उभे राहून फळ्यावर लिहिता लिहिता शिकवायची सवय असलेल्या माणसाला बसून शिकवताना स्वतःचा आवाज परका वाटतो. मुलांना काही फरक पडला नसेल.

फाटलेले काही नव्हते. वाटीखालची ती कंडरा चिडली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हा ‘चिडली’ शब्द वापरला आणि मला तो आवडला. त्यांनी मला पूर्ण विश्रांती घेऊ दिली नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटले. चिडलेल्या कंडरेला भार हवाच असतो, फक्त तिला सोसेल तेवढा, आणि सावकाश. भिंतीला पाठ लावून अर्ध्यावर बसून राहायचे, मग रिकाम्या दांडीने चार मोजत खाली, दोन थांबून, चार मोजत वर. सर आता परत आले होते. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी पाहायचे म्हटले होते ते आता पाहिले. म्हणाले, ‘‘तुमचा घोटा वाकत नाही, मॅडम. म्हणून टाच उचलते. टाच उचलली की सगळं गुडघ्यावर येतं.’’ त्यांनी टाचांखाली एक लाकडी फळी सरकवली. टाच उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट नेमके हेच करतात, पण सरांच्या मते महिनाभर फळी पुरते. फळीला खर्च काही नव्हता. मी तोपर्यंत तीन प्रकारचे आधार विकत किंवा उसने घेऊन झाले होते आणि माझी तक्रार होती त्या सांध्याच्या एक सांधा खाली.

बरे होण्याच्या काळात मी वाचू लागले, ती आपली खोड. तेव्हा कळले की गुडघ्याबद्दलची आपली भीती बरीचशी वारशाने आलेली आहे. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असा निष्कर्ष काढला. त्यानंतर कित्येक वर्षे शाळा-महाविद्यालयांत ‘अर्ध्यावर थांबा’ ही शिकवण रूढ झाली. पुढच्या संशोधनात तो निष्कर्ष टिकला नाही. ‘गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये’ ही दुसरी आज्ञा. २००३ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्यापुढे फळी उभी करून त्याला अडवून पाहिले, तेव्हा गुडघ्यावरचा ताण थोडा घटला, पण खुब्यावरचा आणि पर्यायाने पाठीवरचा कितीतरी वाढला. ओझे नाहीसे झाले नाही, घर बदलून गेले. हे वाचताना मला आमच्या क्षेत्रातल्या गाइडांची आठवण झाली, हे कबूल करते. मुलगा कविता न वाचता गाइडातला रसास्वाद पाठ करतो, पेपरात ९० किलो उचलतो आणि पुढच्या वर्षी न पाहिलेली कविता समोर आली की जिन्याच्या वळणावर उभा राहतो. आणि आपणही फार वेगळे नाही. चर्चासत्रांतले काही निबंध ऐकताना असे वाटते की कवितेभोवती संकल्पनांचे इतके वेढे आवळले आहेत की बिचारीला मंचापर्यंत चालत येता येत नाही. असो. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता सहकारी मला विचारतात, कोणते घेऊ? माझ्यासारख्याच चाळिशीनंतर दांडीखाली आलेल्या दोघीतिघी आहेत. त्यांना मी सांगते ते असे. दुखते म्हणून घेणार असाल तर आधी काही घेऊ नका, आधी कोणाला तरी तुमची बैठक बाजूने पाहू द्या, आणि आठ-दहा दिवसांत ठणका हटला नाही तर डॉक्टरांकडे जा. दुखत नाही, पण वजन वाढते आहे, सुरुवातीला सांधे ताठर वाटतात, तर स्लीव्ह घ्या. नवख्यांना ५ मिलिमीटरची पुरते. सातची हट्टाने घेऊ नका, मी घेतली तशी. माप उभ्याने, पाय किंचित वाकवून, कंपनीने सांगितलेल्या जागीच घ्या आणि टेप कातडीला टेकेल एवढी धरा. ती चढवायला थोडे झगडावे लागले तर माप बरोबर आहे, पावलाला मुंग्या आल्या तर लहान आहे. सगळ्या सेटना घालू नका, शेवटच्या भारी दोनतीन सेटना घाला, म्हणजे उरलेल्या वेळी गुडघ्याला स्वतःहून काम करायची सवय राहील. रॅप स्पर्धेत त्या गटात उतरणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांच्यासाठी ते चांगलेच आहेत. त्यांची वर्षांची तयारी मागे असते. माझ्या मागे ती नव्हती. एक जण म्हणाली, ‘‘पण तुमचे नव्वद झाले ना?’’ नाही, माझे झाले नव्हते. माझ्या वहीत त्या तारखेपुढे मी नंतर ‘रॅप’ असे लिहून ठेवले आहे. रॅपशिवाय, पाचवाल्या स्लीव्हवर, टाचांखाली फळी घेऊन, माझे आजवरचे सर्वात जास्त ८२.५ आहे. त्याला एकोणीस महिने लागले.

सांगायची राहिलेली गोष्ट आईची आहे. मागच्या दिवाळीच्या सुमारास स्लीव्ह वाळत घालताना शेजारच्या दोरीवर तिच्या नी-कॅप होत्या. मी सहज हातात घेऊन पाहिल्या. डावी एका बाजूने ताणून ताणून पातळ झाली होती, उजवी जवळजवळ नवी. चार वर्षांपूर्वी मी त्या औषधाच्या दुकानातून आणल्या होत्या. ‘‘मीडियम देऊ?’’ विचारल्यावर तेव्हाही मान हलवली होती. माझ्या गुडघ्यासाठी मी मिलिमीटरचे तक्ते पाहिले, एक जोडी परत पाठवली, महासंघाचे नियम वाचले. तिचा गुडघा मी मोजलाच नव्हता. तिला विचारले, ‘‘डावी घट्ट होते का गं?’’ ‘‘होते. संध्याकाळी काढते तेव्हा वळ असतो. पण तू आणलेली आहे म्हणून...’’

मशीनच्या खणातली टेप पुन्हा काढली. आई खुर्चीत बसली, साडी वर घेतली, पाय थोडा पुढे केला. डावा गुडघा सुजेने इतका गोल झाला होता की त्याचा मध्य शोधावा लागला. ‘‘दोन बोटं सैल धर,’’ ती म्हणाली आणि या वेळी तिचेच बरोबर होते. सुजलेल्या सांध्याला आवळायचे नसते, संध्याकाळची सूज धरून माप घ्यायचे असते. तिने मला तिची जुनी मापांची वही आणायला सांगितली. तिच्यात गल्लीतल्या बायकांची छाती, कंबर, बाहीची मापे अजून तिच्या अक्षरात होती, त्यातल्या काही आता नाहीत. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने स्वतःचे नाव घालायला सांगितले आणि मी लिहिले, उजवा ४१, डावा ४४.